१८७८ : सातपुड्याची सरहद्द मिटली ते साल

१८७८ साली अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात कोल्ट कंपनीनं एक नवं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. घोडा अंगठ्यानं मागे ओढायची गरज नव्हती, नुसता चाप दाबला की चक्री फिरायची आणि बार निघायचा. कंपनीनं त्याला ‘फ्रंटियर’ असं नाव दिलं. पश्चिमेकडच्या सरहद्दीवर गुरं हाकणारे, खाणी खणणारे, जमिनी बळकावणारे आणि त्या सगळ्यांवर वचक ठेवू पाहणारे लोक हे त्या हत्याराचं गिऱ्हाईक होतं.

त्याच १८७८ साली हिंदुस्थानात लॉर्ड लिटन व्हाइसरॉय होता. त्याच्या सरकारनं त्या वर्षी दोन कायदे केले: एक जंगलाचा, दुसरा शस्त्रांचा. मुंबई इलाख्यानं त्यात तिसऱ्याची भर घातली, तो अबकारीचा. आणि त्याच वर्षी खांडव्याच्या तुरुंगातून तंट्या भिल्ल निसटला. पुढची अकरा वर्षं तो निमाडच्या आणि सातपुड्याच्या डोंगरांत पोलिसांना हुलकावण्या देत राहिला.

अमेरिकेची सरहद्द कशी मिटली ही गोष्ट जगाला पाठ आहे. सिनेमांनी ती घराघरांत पोचवली. धूळभरला रस्ता, समोरासमोर उभे दोघं, कमरेला लटकणारं सहाबारी पिस्तूल. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, शहादा या भागातली सरहद्दही जवळपास त्याच वर्षांत मिटली, पण तिची गोष्ट आपण मराठीत फारशी सांगितली नाही. ती सांगायला हवी. तिकडे सरहद्द संपताना वसाहतवाल्याच्या हाती रिव्हॉल्व्हर राहिलं. इकडे डोंगरातल्या माणसाच्या हातून हत्यार, जंगल आणि मोहाची दारू या तिन्ही गोष्टी एकाच वर्षी कागदावर काढून घेतल्या गेल्या.

आजचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधी तो पश्चिम खानदेशात होता आणि १९०६ पूर्वी अखंड खानदेशात. पण तापीच्या उत्तरेला जमीन चढू लागली की कोणत्याच राज्याचा कारभार तिथे पुरता चालत नसे. तोरणमाळचं पठार, अस्तंब्याचं शिखर, पलीकडे नर्मदेकडे उतरणारी खोरी, हा मुलूख नकाशात कुणाचाही असला तरी प्रत्यक्षात तिथल्या नाईकांचा आणि मेवासी सरदारांचा होता. १८७४ च्या अनुसूचित जिल्ह्यांच्या कायद्यात त्या सरदारांची यादीच आहे: काठीचे पाडवी, नालचे पाडवी, सिंगपूरचे पाडवी, गव्हाळीचे वळवी, चिखलीचे वसावे, नवलपूरचे पाडवी. आज जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेचा हजेरीपट उघडला तर हीच आडनावं भेटतात.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा हा प्रदेश पार उद्ध्वस्त होता. होळकर-शिंद्यांच्या फौजांची ये-जा, पेंढाऱ्यांच्या धाडी आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी गावंच्या गावं ओस पडली होती. शहाद्याजवळचं सुलतानपूर हे एके काळचं नांदतं परगण्याचं ठिकाण, त्याची रया त्याच काळात गेली. किल्ल्यांवर आणि गढ्यांवर अरब व मकराणी शिबंदी होती. मालेगावच्या वेढ्यात या अरबांनी इंग्रजांना किती जेरीस आणलं हे प्रसिद्ध आहे.

त्यांचं हत्यार तोड्याची बंदूक. लांब नळी, बाजूला जळता तोडा म्हणजे जामगी, चाप ओढला की तोडा कानातल्या रंजकीवर टेकायचा आणि बार उडायचा. नेम चांगला, पल्ला लांब. पण एक बार झाला की पुन्हा दारू ओता, गोळी टाका, गजानं ठासा, रंजक भरा, तोडा फुंकून फुलवा. तेवढ्या वेळात डोंगरातला तिरंदाज झाडाआडून सहज पाच-सहा बाण सोडी. पावसाळ्यात तर तोडा विझे, दारू ओली होई. तीरकामठ्यालाही पावसाचा त्रास होतो, पण तो कोरडा करायला चूल पुरे. तीरकामठा इतका काळ टिकला तो केवळ परंपरा म्हणून नव्हे. जवळच्या पल्ल्यावर, दाट झाडीत, एकट्या माणसासाठी तो ठासणीच्या बंदुकीपेक्षा खरोखरच सरस होता.

हीच अडचण अमेरिकेत टेक्सासच्या माळावर गोऱ्यांना आली होती. कोमांचे घोडेस्वार दौडत्या घोड्यावरून बाणांमागून बाण सोडत आणि गोऱ्यांची एकबारी बंदूक भरेपर्यंत खेळ आटोपलेला असे. कोल्टच्या पहिल्या पाचबारी पिस्तुलांनी ते चित्र पालटलं. जून १८४४ मध्ये जॅक हेज आणि त्याचे पंधराएक रेंजर यांनी आपल्याहून कितीतरी मोठ्या कोमांचे टोळीला अशा पिस्तुलांच्या बळावर परतवलं. टेक्सासात रिव्हॉल्व्हर हे धनुष्यबाणावरचं उत्तर ठरलं. सातपुड्याची कथा समजून घेताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

रिव्हॉल्व्हरच्या जन्माचा एक धागा हिंदुस्थानाशीही जुळतो. १८३० मध्ये सोळा वर्षांचा सॅम्युएल कोल्ट ‘कॉर्व्हो’ नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून बोस्टनहून कलकत्त्याला निघाला. त्या सफरीत त्यानं फिरत्या चक्रीच्या पिस्तुलाचा लाकडी नमुना कोरला. जहाजाच्या चाकावरून त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. मात्र फिरत्या चक्रीची हत्यारं तेव्हाही अगदी अपरिचित नव्हती. एलिशा कॉलियरची चकमकीची रिव्हॉल्व्हरं हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेत आली होती. त्याही आधी आपल्याकडच्या कारागिरांनी चार-पाच-सहा कप्प्यांची, हातानं फिरवायची चक्री असलेल्या तोड्याच्या बंदुका घडवल्या होत्या. अशा बंदुका आजही जगातल्या मोठ्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. आपल्या लोहारांना कल्पना नव्हती असं नाही. कमी होती ती एकसारखे सुटे भाग यंत्रावर हजारोंनी काढणाऱ्या कारखान्याची, आणि तोडा-रंजकीची गरज संपवणाऱ्या स्फोटक टोपीची. कोल्टचं कर्तृत्व मुख्यतः त्या कारखान्यात आहे.

सातपुड्यात मात्र इंग्रजांचा खरा डाव हत्याराचा नव्हता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर होता. डोंगरात फौजा घालून भिल्ल हाती लागत नाहीत, माणसं तापानं मरतात, हे त्याला सात वर्षांत कळून चुकलं होतं. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल एजन्सी नेमल्या गेल्या. त्यातली वायव्येची एजन्सी तापीकाठच्या कुकरमुंड्याला होती. नंदुरबार, सुलतानपूर आणि मेवासी मुलूख तिच्याकडे. कुकरमुंडा आज गुजरातच्या तापी जिल्ह्यात आहे. आणि त्याच वर्षी बावीस वर्षांच्या जेम्स औट्रमला भिल्लांचीच पलटण उभी करायचं काम दिलं गेलं.

औट्रमनं सुरुवात नऊ माणसांपासून केली. तो त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, जखमी वाघामागे झुडपात शिरला. खानदेशात त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी मारलेल्या वाघांचा आकडा दोनशेच्या घरात जातो. आज तो वाचताना अंगावर काटा येतो. पण औट्रमचा हिशेब वेगळा होता. सोबत वाघ मारणाऱ्या साहेबावर भिल्लांचा विश्वास बसला. पलटण वाढत गेली, धरणगाव तिचं ठाणं झालं. खानदेश भिल्ल कोअर हे तिचं नाव. भिल्लाच्या हातात सरकारी बंदूक आली, तीही दुसऱ्या भिल्लावर रोखायला. सरहद्द मोडण्याचं खरं साधन हे होतं. ते कोणत्याही रिव्हॉल्व्हरपेक्षा परिणामकारक ठरलं.

त्याचा कस लागला १८५७-५८ मध्ये.

खाज्या नाईक सेंधवा घाटाचा राखणदार. मुंबई-आग्रा रस्त्यावरचा हा घाट सांभाळायचं काम त्याच्या घराण्याकडे होतं, बाप गुमान नाईकही तेच करत असे. इंग्रजांच्या चाकरीत खाज्यानं वीसएक वर्षं काढली. मग एका चोरट्याला पकडताना झालेल्या मारहाणीत तो चोरटा मेला म्हणून खाज्याला दहा वर्षांची सजा झाली. काही काळानं सुटका झाली, पुन्हा चाकरीही मिळाली, पण मन उडालं होतं. १८५७ च्या उठावाची वार्ता आली आणि खाज्यानं डोंगरात निशाण उभारलं. भीमा नाईक त्याचा साथीदार. नोव्हेंबर १८५७ मध्ये सेंधव्याजवळ जामलीला त्यांनी इंदूरहून मुंबईकडे निघालेला सात लाखांचा खजिना लुटला. वर्षानुवर्षं ज्या रस्त्याची राखण केली, त्याचा कोपरा न कोपरा खाज्याला ठाऊक होता.

इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला या वेळेपर्यंत रिव्हॉल्व्हर आलं होतं. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात कोल्टनं आपली पिस्तुलं मांडली, पण शेजारीच रॉबर्ट अ‍ॅडम्स या इंग्रज कारागिराचंही रिव्हॉल्व्हर होतं. ते नुसता चाप ओढून झाडता येई आणि त्याची गोळी जड. कोल्टनं लंडनमध्ये कारखानाही काढला, तो १८५३ ते १८५६ एवढाच चालला. अधिकाऱ्याला आपलं पिस्तूल आपल्या पैशानं घ्यावं लागे, त्यामुळे निवडीचा प्रश्न त्याच्या जिवाशी निगडित होता. जॉर्ज फॉस्बेरी नावाच्या, हिंदुस्थानात लढलेल्या अधिकाऱ्यानं पुढे एका व्याख्यानात एक हकिगत सांगितली. उठावाच्या काळात एका नेमबाज अधिकाऱ्यावर एक धिप्पाड शिपाई तलवार घेऊन धावून आला. अधिकाऱ्याकडे कोल्टचं हलक्या गोळीचं नेव्ही पिस्तूल होतं. त्यानं गोळ्यांवर गोळ्या झाडल्या, त्या लागल्याही, पण शिपाई थांबला नाही आणि त्यानं अधिकाऱ्याचं डोकं फोडलं. इंग्रजांनी यावरून एकच धडा घेतला: हिंदुस्थानात गोळी जड हवी. पुढे कितीतरी दशकं इंग्रजी फौजेची रिव्हॉल्व्हरं जाड नळीची राहिली त्यामागे हा धडा आहे. मला मात्र ती हकिगत वाचताना त्या बिननावाच्या शिपायाचा विचार सोडवत नाही. त्याच्याकडे फक्त तलवार होती, आणि पाच गोळ्या अंगावर घेत तो चालत राहिला.

११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात, बडवाणी संस्थानच्या हद्दीत, अंबापाणीला मेजर इव्हान्सच्या फौजेनं खाज्या-भीमाच्या तळाला गाठलं. नाईकांच्या बाजूला भिल्लांचे तीरकामठे आणि त्यांना येऊन मिळालेल्या अरब-मकराण्यांच्या तोड्याच्या बंदुका. इंग्रजांच्या बाजूला कवायती पायदळ आणि खानदेश भिल्ल कोअर. दोन्हीकडे भिल्ल. कातळाआडून दिवसभर लढाई झाली, इंग्रज अधिकारीही जखमी झाले. संध्याकाळपर्यंत तळ पडला. मैदानावरच लष्करी न्यायालय भरवून पन्नासहून अधिक कैद्यांना तिथल्या तिथे गोळ्या घातल्या. नाईकांच्या घरच्या बायकांसह शेकडो स्त्रिया कैद झाल्या.

लढाईचा निकाल रिव्हॉल्व्हरनं लावला नाही. पायदळाच्या बंदुकांनी आणि रसदीनं लावला. अंबापाणीची तुलना करायचीच तर अमेरिकेतल्या कुठल्या दोघांच्या झुंजीशी करू नये. ती करावी वुंडेड नीशी, आणि त्याकडे पुढे येऊच. खाज्या लगेच हाती लागला नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तात्या टोपे नर्मदा ओलांडून निमाडात उतरले तेव्हा सारा खानदेश हादरला होता. १८६० मध्ये खाज्या दगाफटक्यानं मारला गेला. भीमा नाईक आणखी काही वर्षं टिकला, मग पकडला गेला आणि अंदमानात मेला.

याच सुमाराची वीसएक वर्षं जगभर पिस्तुलांच्या विचित्र प्रयोगांची होती, आणि त्या विचित्रपणाचं मूळ एका पेटंटमध्ये होतं. १८५५ मध्ये रोलिन व्हाइट या अमेरिकन माणसानं चक्रीचे कप्पे आरपार पोखरण्याचं पेटंट घेतलं. म्हणजे पितळी काडतूस मागून सरकवता येईल अशी चक्री. स्मिथ अँड वेसन कंपनीनं त्याच्याशी करार केला, दर पिस्तुलामागे पंचवीस सेंट. १८६९ पर्यंत अमेरिकेत दुसऱ्या कुणाला तशी चक्री करता येईना. मग बाकीचे कारागीर पळवाटा शोधू लागले. कुणी काडतूस पुढून भरायचं केलं, कुणी काडतुसाच्या बुडाला बोंडूक काढून ते चक्रीच्या बारीक भोकातून बाहेर डोकावेल असं केलं. पळवाट म्हणून नव्हे, पण न्यू ऑर्लीन्सच्या ल मॅ नावाच्या डॉक्टरनं नऊ बारांची चक्री चक्क एका छऱ्याच्या नळीभोवतीच फिरवली: नऊ गोळ्या संपल्या तर दहावा बार छऱ्यांचा. अमेरिकेच्या यादवीत दक्षिणेच्या घोडदळाधिकाऱ्यांनी ते वापरलं. जुन्या हत्यारांचे शौकीन आज या नमुन्यांसाठी जीव टाकतात. माझ्या मते त्यातले बहुतेक नमुने कल्पकतेपेक्षा अडवणुकीतून आले, आणि म्हणूनच व्हाइटचं पेटंट संपल्यावर चार-पाच वर्षांत ते दिसेनासे झाले.

युरोपात ते पेटंट आड येत नव्हतं. फ्रान्समध्ये लफोशोची खिळ्याची काडतुसं निघाली होती. काडतुसाच्या कडेला एक खिळा बाहेर आलेला, घोडा त्यावर आपटायचा. १८५८ मध्ये फ्रेंच आरमारानं हे रिव्हॉल्व्हर स्वीकारलं. बेल्जियममधल्या लिएजच्या कारागिरांनी त्याच्या नकला ढिगांनी केल्या आणि त्या जगभर गेल्या. दिसायला देखणी, नक्षीदार, पण खिशात सुटी काडतुसं ठेवणं धोक्याचं, कारण खिळ्यावर ठोका बसला की बार.

खास हिंदुस्थानसाठी घडलेलं एक हत्यार मात्र विसरून चालणार नाही: हौदा पिस्तूल. हत्तीच्या हौद्यात बसलेल्या शिकाऱ्यावर जखमी वाघ चढून आला तर शेवटच्या क्षणी झाडायला दोन किंवा चार आखूड नळ्यांचं, रायफलच्या जाडीच्या गोळीचं पिस्तूल. लंडनच्या चार्ल्स लँकेस्टरनं चार नळ्यांचं केलं ते फार गाजलं. खानदेशच्या जंगलात वाघांची जी कत्तल औट्रमच्या काळात सुरू झाली, तिच्यासारख्या शिकारींतूनच या हत्याराची गरज उभी राहिली. आणि तो फॉस्बेरी, ज्याची हकिगत वर सांगितली, त्यानं १८९५ मध्ये स्वतःच एक अजब रिव्हॉल्व्हर काढलं. बार उडाला की धक्क्यानं वरचा सांगाडा मागे सरकायचा आणि चक्रीवर कोरलेल्या नागमोडी खाचांतून ती आपोआप फिरायची. वेब्ली कंपनीनं ते १९०१ पासून विकलं. माती गेली की ते अडकायचं. आपोआप भरणारी पिस्तुलं आली होती, त्यामुळे त्याला भवितव्य नव्हतं.

यातली जी हत्यारं हिंदुस्थानात आली ती साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या हाती. डोंगरातल्या माणसापर्यंत ती पोचू नयेत याची तजवीज १८७८ च्या कायद्यानं केली.

तसे निर्बंध आधीपासून होते. उठाव चालू असतानाच १८५७ मध्ये एक कायदा झाला, १८६० मध्ये दुसरा. पण १८७८ चा ११ वा कायदा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होता. परवान्याशिवाय शस्त्र बाळगलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. युरोपियनांना आणि युरेशियनांना सूट. कूर्गच्या कोडवांना आधीपासून असलेली सवलत कायम राहिली, म्हणजे मनात आणलं तर सरकार एखाद्या जमातीला मोकळीक देऊ शकत होतं. सातपुड्यातल्या माणसाला बंदुकीची तशी मोकळीक मिळाली नाही. आणि त्या कायद्यातली शस्त्राची व्याख्या वाचावी: बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती, आणि धनुष्यबाण. काठीच्या होळीत मिरवणारा तीरकामठा कलकत्त्याच्या कायदेपुस्तकात तोफेच्या यादीत जाऊन बसला. डोंगरातल्या प्रत्येक घरातून तो काढून घेणं कुणाला शक्य नव्हतं. पण तो बाळगणारा आता सरकारच्या मेहरबानीवर होता.

जंगलाच्या कायद्यानं राखीव, संरक्षित आणि गावजंगल असे तीन भाग पाडले. झाडं तोडून, जाळून, राखेत पेरायची डोंगरातली शेती गुन्हा ठरली. शिकार, चराई, डिंक, लाकूड, सगळ्याला जंगलखात्याची परवानगी. अबकारी कायद्यानं घरच्या भट्टीवरची मोहाची दारू बेकायदा केली आणि गुत्त्याचा ठेकेदार गावात आणला. लग्न, होळी, मयत, देवाचा नवस, यांपैकी काहीच मोहाशिवाय पार पडत नव्हतं. ठेकेदारामागोमाग सावकार आला, आणि दारूपायी, बियाण्यापायी पायथ्याच्या जमिनी त्याच्या नावावर चढू लागल्या. शहाद्या-तळोद्याच्या काळ्या जमिनी भिल्लांच्या हातून गेल्या त्याचा हिशेब मांडायला बसलं की बोट त्या वर्षाकडे जातं. तीन कायदे तीन वेगवेगळ्या कारणांनी झाले असतील. डोंगरात ते एकच म्हणून उतरले.

तंट्या याच काळातला. १८७८ मध्ये खांडव्याच्या तुरुंगातून निसटल्यावर तो सावकारांची धान्याची कोठारं फोडत राहिला, लोक त्याला मामा म्हणू लागले. १८८९ मध्ये विश्वासघातानं तो पकडला गेला. त्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क टाइम्सनं त्याच्या अटकेची बातमी छापली आणि त्याला हिंदुस्थानचा रॉबिन हूड म्हटलं. ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला त्याला फाशी दिलं. अमेरिकेतल्या वाचकानं ती बातमी वाचली तेव्हा त्याचे स्वतःचे दरोडेखोर, जेसी जेम्स आणि बिली द किड, गोळी लागून मरून सात-आठ वर्षं झाली होती.

दुसऱ्याच वर्षी अमेरिकेची जनगणना झाली आणि सरहद्दीची सलग रेषा आता दाखवता येत नाही असं तिथल्या सरकारनं जाहीर केलं. त्याच १८९० च्या २९ डिसेंबरला वुंडेड नी नाल्याकाठी घोडदळानं लाकोटांच्या एका टोळीला घेरलं. हुकूम होता हत्यारं काढून घेण्याचा. झडती चालू असताना एक बंदूक उडाली आणि घोडदळानं गोळीबार सुरू केला. अडीचशेहून अधिक माणसं मेली, त्यात बायका-मुलं भरपूर. सिनेमातलं पिस्तूल विसरून या प्रसंगाकडे पाहिलं की दोन्ही सरहद्दींचं साम्य उघड होतं. तिथेही १८७६ पासून मूळ रहिवाशांना काडतुसं विकण्यावर बंदी आलेली होती. हत्यार कुणी ठेवायचं आणि कुणाकडून काढायचं हे ठरवण्याची सत्ता ज्याच्या हाती, सरहद्द त्याची.

पुढचं थोडक्यात. १८९९-१९०० चा छप्पन्नचा दुष्काळ आला. त्याच सुमाराला सुरतेहून निघालेली तापी खोऱ्याची रेल्वे नवापूर-नंदुरबारवरून पुढे गेली आणि डोंगरातला साग रुळांवरून बाहेर निघाला. भिल्ल कोअरची गरज संपली, तिची माणसं पोलिसात गेली. १९३० च्या दशकात तळोद्याजवळच्या मोरवडला गुलाम महाराजांनी आरती सुरू केली. दारू सोडा, स्वच्छ राहा, कुणापुढे वाकू नका, एवढं साधं सांगणं, आणि हजारो आदिवासी जमू लागले. १८७८ ला दिलेलं हे डोंगरातलं पहिलं मोठं उत्तर होतं, आणि ते बिनहत्यारी होतं.

मैदानातलं उत्तर वेगळ्या रीतीनं आलं. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या माणिक चौकात पोलिसांनी विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथी, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा, तिथे पडले. मुलांच्या हातात तिरंगा होता. आणि १४ एप्रिल १९४४ रोजी, धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना हत्यारबंद पहाऱ्यातून शिंदखेड्याजवळच्या चिमठाण्यात लुटला गेला. रक्कम साडेपाच लाखांच्या आसपास. डांगरीचे डॉ. उत्तमराव पाटील आणि साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही मंडळी त्यात होती. जामलीच्या लुटीनंतर शहाऐंशी वर्षांनी या मुलखातल्या रस्त्यावर पुन्हा सरकारी खजिना अडवला गेला. खाज्या नाईकाचं नाव तिथे कुणी घेतलं असो वा नसो, वारसा त्याचाच होता.

१८७८ चा शस्त्र कायदा स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षं चालू राहिला. १९५९ चा नवा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या ४५ व्या कलमात एक तरतूद आहे: जुन्या काळातलं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं, आणि बार काढता येणार नाही असं हत्यार त्या कायद्यातून वगळलेलं आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू पडतो. हे सांगायचं कारण असं की खानदेशात जुन्या वाड्यांत, पाटलांच्या माळ्यांवर, मेवासी घराण्यांत गंजलेल्या नळ्या, दारूचे शिंगाडे, तुटकी पिस्तुलं, जुने तीरकामठे निघतात, आणि पोलिसांच्या भीतीनं लोक ते नदीत टाकतात किंवा भंगारात देतात. तसं करू नका. घरात अशी वस्तू असेल तर आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवा, तिची अवस्था तपासून घ्या. मग धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेला किंवा पुरातत्त्व खात्याला दाखवा. आणि तिच्यासोबत घरात चालत आलेली हकिगत, ती कुणाची, कुठून आली, कुणी लपवली, ती म्हाताऱ्या माणसांकडून त्यांच्याच बोलीत, भिलीत किंवा पावरीत असेल तर तशीच, लिहून घ्या. इंग्रजांची बाजू त्यांच्या दप्तरांत जपून ठेवलेली आहे. आपली या घरांत आहे, आणि ती ठाऊक असलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत.